सावडीचे सर

सरांना रस्ता सांगायचा नाही, हे आळेफाट्यावर सगळ्यांना माहीत होतं. रिक्षावाले, फळवाले, स्टँडसमोरचा चहावाला, सगळ्यांना. सरांची जीप दिसली की लोक मोबाइल कानाला लावायचे, नाहीतर पाठ फिरवून एसटीचं वेळापत्रक वाचत उभे राहायचे. माणसं वाईट नव्हती. सरांना रस्ता सांगितला की सर त्याची फेड करायचे, आणि ती फेड लोकांना झेपत नसे.

कुणी नुसतं "सरळ जा, मग डावीकडं" एवढं म्हटलं की सर जीपमधून खाली उतरायचे. "तुम्ही मला एक गोष्ट शिकवलीत. आता मी तुम्हाला एक शिकवतो." मग भर फाट्यावर, ट्रकांच्या धुरात, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी कशासाठी असतात ते समजावून सांगायचे. लग्नाला निघालेला एक गृहस्थ असा सापडला आणि पंगती उठल्यावर मांडवात पोचला. त्यानं पुढं बरेच दिवस हरभरा खाल्ला नाही. आणि गाठी समजावून होईपर्यंत सर मूळ रस्ता विसरलेले असायचे, मग दुसऱ्याला विचारायचे.

स्टँडसमोरच्या चहावाल्यानं एकदा बोलता बोलता सरांना आलं कधी टाकायचं ते सांगितलं होतं. त्याला प्रकाशसंश्लेषण हप्त्याहप्त्यानं शिकावं लागलं. अर्ध्यावर आल्यावर तो माझ्याकडे आला. "ताई, सरांना म्हणावं, आलं मी परत घेतो. उकळी आल्यावर टाका न्हाईतर आधी टाका, माजी कायबी हरकत न्हाई."

मी क्रमानं काम करणारी बाई आहे. कोणत्याही कार्यक्रमाची मी आधी यादी करते: माणसं, सतरंज्या, पाणी, जेवण, परतीची गाडी. सरांच्या हाताखाली मी बरीच वर्षं काम केलं, पण सरांची यादी मला कधी जमली नाही. एक गोष्ट लिहावी तर तिच्या पोटात दुसरी निघते. म्हणून आठवेल तसंच सांगते.

सर पुण्याच्या एका विद्यापीठातले. विद्यापीठानं आपलं ज्ञान गावात न्यावं आणि गावाचं आपल्याकडे आणावं, त्यासाठी लोकांचे अभ्यासगट करावेत, अशी योजना निघाली. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांचं केंद्र आळेफाट्याला झालं आणि तिथं सर आले. जागा शेठजींनी दिली. शेठजींचं घराणं कधीकाळी राजस्थानातून आलेलं. आता त्यांची मराठी आमच्याहून चोख. त्यांच्या कांद्याच्या गोदामावरच्या दोन खोल्या म्हणजे आमचं केंद्र. एका खोलीत माती तपासायचं सामान, दुसरीत सतरंजी आणि एक खुर्ची. व्यवस्था सगळी माझ्याकडे.

खुर्ची एकच, हा सरांचा हुकूम. शिकवणाऱ्यानं खुर्चीत बसायचं, शिकणाऱ्यांनी उभं राहायचं. "शिकणाऱ्याला झोप येता कामा नये," असं सरांचं म्हणणं. सतरंजी मग कशाला, असं मी विचारलं. सर म्हणाले, "ज्यांना शिकायचंही नाही आणि शिकवायचंही नाही, त्यांच्यासाठी." विद्यापीठातून पाहुणे आले की बहुतेक सतरंजीवरच बसत.

सर उंच, इतके की जीपमध्ये मान तिरकी करून बसावं लागे, आणि खाली उतरल्यावरही ती काही वेळ तिरकीच राही. खिशाला पेन नसायचं, चमचा असायचा. कुठंही माती आवडली की चमच्यानं उकरून पुडीत घ्यायचे. त्याच चमच्यानं चहात साखर ढवळायचे. मी दोन वेगळे चमचे आणले, एकाला लाल दोरा बांधला आणि सांगितलं, "लाल मातीचा, साधा चहाचा." सरांना ते फार पटलं. दुसऱ्या दिवशी दोरा चहात भिजलेला होता.

तर सावडीचं. आमच्याकडं आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, सावड करतात. आज तू माझ्या खाचरात ये, उद्या मी तुझ्या. पैशाचा संबंध नाही, पण फेड चुकवायची नाही. चुकवली तर पुढच्या पावसाळ्यात त्याच्या खाचरात चिटपाखरू येत नाही. सरांना हे आंबेगावच्या डोंगरात हिराबाईंनी सांगितलं. हिराबाई म्हणजे भीमाशंकरच्या अलीकडच्या एका वाडीतल्या बायकांच्या गटाच्या प्रमुख. भात आणि नाचणी पिकवणाऱ्या, जिभेला धार असलेल्या. सरांनी सावड ऐकली आणि बांधावर उभ्या उभ्या ठरवून टाकलं की ज्ञानाचीही सावडच करायची. विद्यापीठानं एक गोष्ट शिकवली की गावानं एक शिकवायची. आधीची फेड झाल्याशिवाय त्याच माणसाकडून दुसरा धडा घ्यायचा नाही. हा नियम सरांनी केला आणि सर्वांत जास्त त्रास त्यांनाच झाला.

हिराबाई तेव्हाच म्हणाल्या होत्या, "सर, हे रोपाचं ठीक हाय. रोप मोजता येतं. अक्कल कशी मोजायची?"

"मोजायची नाही. फक्त फेडायची," सर म्हणाले.

"मग तुमी लवकर भिकेला लागाल."

सुरुवात बरी झाली. पुण्याची पोरं-पोरी आली, त्यांनी हिराबाईंच्या गटाला मोबाइलवर हवामान बघायला शिकवलं. हिराबाईंनी फेड म्हणून त्यांना चिखलात चालायला शिकवलं. सगळ्यांच्या चपला खाचरात गेल्या आणि चपलांची यादी मला करावी लागली. पण हळूहळू लोकांकडचं शिकवण्यासारखं संपत आलं. सर शिकवत सुटले की माणसं घाबरून म्हणायची, "बास सर, आमच्याकडं आता द्यायला काय न्हाई." मग जे सुचेल ते शिकवायची. कुणी सरांना म्हशीला नावानं हाक मारायला शिकवलं. कुणी शिट्टी. शेठजींनी तर त्यांना नाही न म्हणता नकार द्यायला शिकवलं.

"सर, गिऱ्हाईकाला 'नाही' कधी म्हणायचं नाही," शेठजी खुर्चीत बसून सांगत होते आणि सर समोर उभे होते. "म्हणायचं, 'बघू.' मान थोडी हलवायची. हो पण नाही आणि नाही पण नाही."

"बघू," सर म्हणाले.

"मान जास्त हलली. अशानं उधारी मागतील."

राजुरीच्या मामांची गोष्ट याच्याही पुढची. मामा कुणाचे सख्खे मामा होते देव जाणे, पण आसपासच्या प्रत्येक लग्नात ते रुसायचे, म्हणून सगळ्या तालुक्याचे मामा. आमच्याकडच्या लग्नात कुणीतरी रुसतंच. टोपी चढवायला उशीर झाला, आहेर चुकला, हाक मारली नाही, कारण कुठलंही चालतं. मग चारचौघांनी जाऊन समजूत काढायची. मामांचं रुसणं इतकं नावाजलेलं होतं की लोक त्यांना मुद्दाम बोलावत. "मामा नसले तर लग्न सपक व्हतं," असं बायका म्हणायच्या.

मामांची बागायती जमीन. सरांनी त्यांना ठिबकमधून खत कसं सोडायचं ते शिकवलं. फेडीची वेळ आली तेव्हा मामा खुर्चीत बसले आणि त्यांनी टोपी सारखी केली.

"सर, शेतीतलं मला जे येतं ते समदं यूट्यूबवर हाय. मला एकच येतं जे तिथं न्हाई."

"काय?"

"रुसायला."

सरांनी खिशातला चमचा बाजूला ठेवला आणि ते ताठ उभे राहिले.

मी तिथंच होते. मामांनी शिकवलेलं सगळं मला आजही पाठ आहे, कारण इतक्या शिस्तीत समजावून सांगणारा माणूस मी विद्यापीठातसुद्धा पाहिलेला नाही. जागा अशी धरायची की सगळ्यांना दिसेल, पण तोंड भिंतीकडं. तोंड बंद, कान उघडा. पहिली समजूत कधी ऐकायची नाही, ती नुसती चौकशी असते. नारळ आला तर बघायचं नाही, टोपी आली तर बघायचं पण घ्यायची नाही. आणि काहीही झालं तरी बोलायचं नाही. बोलला तो भांडला, रुसला नाही.

धडा अर्धा झाला आणि मामा खुर्चीतून उठले. "आज बसणं झालं. उठणं पुढच्या धड्यात. पर आधी तुमची फेड येऊ द्या."

मामांना एक गोष्ट फार दिवसांची विचारायची होती. त्यांच्या खालच्या शेतातली जमीन पांढरी पडत चालली होती, काही उगवत नव्हतं. त्याचं कारण हवं होतं. सर म्हणाले, पुढच्या आठवड्यात सांगतो. पुढच्या आठवड्यात राजुरीला जाताना त्यांनी एकाला रस्ता विचारला. ते राजुरीला पोचलेच नाहीत. आणि फेड तशीच राहिली.

याच सुमारास विद्यापीठाचं पत्र आलं. केंद्राची माहिती पाठवा, त्यात लाभार्थी किती ते लिहा. मी हजेरीवरून आकडा काढून सरांपुढं ठेवला. सरांनी तो खोडला. म्हणाले, "ताई, ही माणसं लाभार्थी कशी? सावडीत लाभार्थी नसतो. दोन्हीकडचे मजूर असतात." आणि त्या रकान्यात लिहिलं, 'एक. मी स्वतः.' खाली विचारलं होतं की केंद्र पुढं चालू ठेवण्याची गरज काय, सविस्तर लिहा. सरांच्या अंगात शेठजींचा धडा ताजा होता. त्यांनी लिहिलं, 'बघू.'

मी म्हटलं, "सर, हे असं पाठवायचं नसतं."

"का? नाही तर म्हटलेलं नाही."

मग समिती आली. येणारच.

समितीच्या अध्यक्ष एक मॅडम होत्या, शिस्तीच्या, इस्त्रीच्या, माझ्यासारख्याच हातात यादी असलेल्या. सोबत दोन सर, जे दिवसभरात जेवणाव्यतिरिक्त फारसं काही बोलले नाहीत. माझ्या यादीत स्वागत, गटांची माहिती, माती तपासणीचं प्रात्यक्षिक, जेवण आणि निरोप असं सगळं वेळेसह होतं. काय धोक्यात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. केंद्र बंद झालं की खोल्या परत कांद्याला, मातीचं सामान पुण्याला, सर कुठल्या तरी तळमजल्यावरच्या टेबलाला. आणि हिराबाईंच्या गटातल्या बायकांना डोंगरातून खाली येऊन एकत्र बसायचं निमित्त संपणार. हिराबाई सकाळपासून चुलीवर होत्या. गोदामाच्या अंगणात मासवडीचा बेत. बेसनाच्या वड्या ताटात कापून ठेवलेल्या, रश्शाचं मोठं पातेलं चुलीवर.

मॅडम गाडीतून उतरल्या. सर पुढं झाले. मॅडमनी नमस्कार केला, अंगणातल्या माणसांवरून नजर फिरवली आणि अगदी साधेपणानं विचारलं, "यातले लाभार्थी कोणते?"

सर वळले, सावकाश चालत गोदामाच्या भिंतीपाशी गेले, कांद्याच्या एका पालथ्या क्रेटवर बसले आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

मग मामा हर्षानं ओरडले, "सर रुसलं!"

पोरगं दहावी पास झाल्यावर बाप ओरडतो तसं. सगळं अंगण तिकडं धावलं. मामा पुढं होऊन बघत होते, मान डोलवत होते. "जागा बरोबर धरली. पाठ ताठ. कान बघा कसा हिकडं हाय! लई मेहनत घेतली हो पोरानं." सर मामांहून वयानं मोठे होते.

मॅडम मागं एकट्या उभ्या. त्यांचा सत्काराचा नारळ आणि शाल शेठजींच्या हातात. पण रुसलेल्या माणसाची समजूत आधी, सत्कार नंतर, हे शेठजींच्या रक्तात. ते नारळ-शाल घेऊन तसेच सरांकडं गेले. सरांनी नारळाकडं पाहिलं नाही. शालीकडं पाहिलं, पण घेतली नाही. "वा!" मामा म्हणाले.

मी मॅडमकडं धावले. "मॅडम, या ना, बसा, दुसरा नारळ आणते."

मॅडम म्हणाल्या, "असू दे. माझं काय." आणि अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, कडुनिंबाच्या पारावर, आमच्याकडं पाठ करून बसल्या.

मामांनी ते ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलला. अगदी हळू आवाजात ते मला म्हणाले, "ताई, ऐकलं का? 'असू दे, माझं काय.' हे शिकवून येत न्हाई. ह्या मूळच्या हायेत."

आता अंगणात दोन रुसलेली माणसं, दोन टोकांना. अशा वेळी काय करायचं हे कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुठल्याही लग्नात दोन्हीकडचे एकदम रुसत नाहीत. एकाची समजूत आधी काढावी तर दुसरा जास्त रुसणार. शेठजी शाल घेऊन अंगणाच्या मधोमध उभे राहिले. कोणत्याही बाजूला पाऊल टाकायची त्यांची छाती होईना.

समितीतल्या दोघांपैकी एक सर तेवढ्यात बोलले. "चारला निघायला हवं, चाकणला फार गर्दी होते. तोवर केंद्रप्रमुखांनी उत्तर दिलं नाही तर 'प्रतिसाद नाही, केंद्र बंद करावं' असं लिहावं लागेल." आणि त्यांनी रश्शाच्या पातेल्याकडं पाहिलं.

मी सरांपाशी जाऊन वाकून म्हटलं, "सर, पुरे आता. उठा. सगळं जाईल हातातनं."

सरांनी डोळे माझ्याकडं वळवले. त्या डोळ्यांत रुसवा नव्हता, भीती होती. ओठ न हलवता ते पुटपुटले, "ताई, उठणं पुढच्या धड्यात होतं."

मी मामांना बोलावलं. मामांनी ओळखलं होतंच. "व्हय, त्यांना बसणंच येतं. मानानं उठायला शिकलेलं न्हाईत. असंच उठलं तर जन्मभराचं हसं."

"मग शिकवा की!"

"कसं शिकवू? माझी फेड झालेली न्हाई. नियम सरांचाच हाय."

हिराबाई चुलीपासून पळी घेऊन आल्या. "मामा, तुमी नियम पाळत बसा. गाव बुडालं की बुडल्या गावात नियमाची पाटी लावू."

"हिराबाई, सावड म्हंजे सावड. तुमीच शिकवली सरांना."

"रोपाची शिकवली व्हती! मान्साची न्हाई!"

भिंतीकडं तोंड करून बसलेल्या सरांनी होकारार्थी मान हलवली. मामांचं बरोबर आहे असं त्यांना म्हणायचं होतं. नियम मोडून शिकण्यापेक्षा त्यांना तिथंच म्हातारं व्हायला चाललं असतं. मग त्यांनी हात वर केले. फेड करायची होती, पण बोलायचं नव्हतं. बोलला तो भांडला. म्हणून सरांनी मामांच्या पांढऱ्या जमिनीचं कारण हातवाऱ्यांनी सांगायला सुरुवात केली.

आधी बोटांनी पाऊस पाडला, म्हणजे पाणी देणं. मग तळवा खाली नेला. मग बोटं हळूहळू वर आणली, वर, आणखी वर, आणि शेवटी फुंकर मारून दोन्ही हात पसरले.

मामा लक्ष देऊन बघत होते. "वारं सुटलं?"

सरांनी मान हलवली. पुन्हा पाऊस, पुन्हा खाली, पुन्हा वर.

"विहीर खोदू?"

सरांनी क्रेटवर हात आपटला आणि पुन्हा सुरू केलं. भोवतीची सगळी माणसं आता अंदाज सांगत होती. शेठजी म्हणाले, "भाव वाढणार." कुणी म्हणालं, "नाग निघतो." मामा म्हणाले, "कळलं! पाणी कमी पडतंय, म्हणून जमीन पांढरी पडतीया. दुप्पट सोडू."

"अहो, दुप्पट नका सोडू!"

आवाज पाराकडून आला. मॅडम इतका वेळ खांद्यावरून चोरून हातवारे बघत होत्या, आणि आता पाठ तशीच ठेवून बोलल्या होत्या. मग त्यांना पाठ ठेवणं शक्य झालं नाही. त्या वळल्या. "पाणी कमी करा. कालव्याचं पाणी आहे ना? किती वर्षं सारखं पाणी देताय? जमिनीतले क्षार पाण्याबरोबर वर येतात. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात, म्हणून पांढरं दिसतं. खालच्या अंगाला चर खणून निचरा करा. ताग पेरा, फुलावर आला की गाडून टाका. माती तपासल्याशिवाय बाकी काही टाकू नका." त्या माती विषयाच्याच होत्या. कितीतरी वर्षं कुणी त्यांना मातीबद्दल काही विचारलं नव्हतं, नुसते अहवाल विचारले होते, असं त्या पुढं कधीतरी मला म्हणाल्या. "आणि तुम्ही," सरांकडं बोट करून, "क्षार असे फुंकर मारून दाखवतात का?"

मामा दोन्ही हात जोडून उभे राहिले. "फिटलं! विद्यापीठाची फेड आली!"

"कसली फेड?" मॅडम म्हणाल्या.

मी थोडक्यात समजावलं. थोडक्यात समजावणं हे माझं काम आहे. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि परत पाठ केली. पण आता नुसती पाठ होती, कान अंगणात होता.

मग मामांनी अंगणाच्या मधोमध उभं राहून, दोन्हीकडं ऐकू जाईल असा, उरलेला धडा दिला.

"रुसायला कुणालाबी येतं. ल्हान पोरालाबी येतं. उठायला शिकावं लागतं. समजूत काढली म्हणून उठायचं न्हाई, त्यात हार हाय. भूक लागली म्हणून उठायचं न्हाई, त्यात लाज हाय. उठायचं ते कामाला. कुणीतरी येऊन म्हणायचं, अमुक काम तुमच्याबिगर व्हईना. मग आपन म्हणायचं, 'माझ्याशिवाय तुमचं काही होत नाही.' आन मग उठायचं. मान आपल्याकडं, काम त्यांच्याकडं."

"मग द्या की काम!" हिराबाई म्हणाल्या.

पण कुणाला आधी? ज्याला आधी काम, त्याचा मान मोठा. मी यादी पाहिली. निरोपाची वेळ जवळ आली होती आणि जेवण अजून चुलीवर होतं. जेवणाच्या ओळीशी माझी नजर थांबली, मग चुलीवरच्या पातेल्यावर गेली. त्याला दोन कड्या होत्या.

मी मोठ्यानं म्हटलं, "रश्शाचं पातेलं उतरवायचंय. दोन माणसं लागतील. आमच्यापैकी कुणाला जमणार नाही."

हिराबाईंनी ते पातेलं सकाळी एकटीनं चढवलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, माझ्याकडं पाहिलं आणि मिटलं.

भिंतीकडून आणि पारावरून एकदम आवाज आला, "माझ्याशिवाय तुमचं काही होत नाही."

दोघं उठले, सारख्या चालीनं आले, एकेक कडी फडक्यानं धरली आणि पातेलं उतरवलं. थोडा रस्सा सरांच्या बुटावर सांडला. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं. "अशी जोडी," ते म्हणाले, "एका लग्नात दोन रुसवे, एका पातेल्यानं उठवले. माझ्या जन्मात पुन्हा न्हाई."

जेवणं झाली. मॅडमनी मासवडीचं सारण कसं भरतात ते हिराबाईंना विचारलं आणि हिराबाईंनी त्यांना हात धरून वडी वळायला लावली. निघताना मॅडमनी गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवला, पेन उघडलं आणि थांबल्या.

"मामांचं आणि माझं फिटलं," त्या मला म्हणाल्या. "पण हिराबाईंनी वडी शिकवली, त्याची फेड राहिली."

"राहिली," मी म्हटलं.

त्यांनी लिहिलं, 'पाहणी अपूर्ण. पुन्हा यावे लागेल.'

त्या पुन्हा आल्या. हिराबाईंच्या खाचरातली माती तपासून फेड केली. तेवढ्यात हिराबाईंनी नाचणीचं काहीतरी शिकवलं, म्हणून पाहणी पुन्हा अपूर्ण राहिली. तेव्हापासून ती कधीच पूर्ण झालेली नाही. कागदोपत्री आमचं केंद्र आजही तपासणीखाली आहे, आणि तपासणीखाली असलेली गोष्ट बंद करता येत नाही.

सर मात्र निवृत्त झाले. निरोपाचा कार्यक्रम त्याच अंगणात. यादी मीच केली होती. भाषणं झाली, नारळ झाला, शाल झाली, पुण्याची गाडी उभी राहिली. सर त्या एकुलत्या एका खुर्चीत बसले होते, कारण शेवटचं शिकवणं त्यांचं होतं. बोलून झालं तरी ते उठले नाहीत. तोंड भिंतीकडं केलं नव्हतं, पण कुणाकडंही नव्हतं. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. मी म्हटलं, "सर, निघायचं ना?" त्यांनी ऐकलं नाही. मॅडम आल्या होत्या, त्यांनी सांगून पाहिलं. हिराबाई म्हणाल्या, "ऱ्हावा इथंच, चमचा घेऊन." कुणी हसलं नाही.

मामा पुढं झाले. टोपी काढून हातात घेतली.

"सर, ह्यो डायवर नवा हाय. ह्याला पुण्याचा रस्ता ठावं न्हाई. दाखवायला माणूस पायजे."

सरांनी मान वर केली. फाट्यावरच्या शेंबड्या पोरालाही पुण्याचा रस्ता माहीत असतो. ड्रायव्हर पुण्याचाच होता. तो काही बोलणार होता; शेठजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"माझ्याशिवाय तुमचं काही होत नाही," सर म्हणाले आणि उठले.

मान तिरकी करून ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले. गाडी निघाली. आम्ही सगळे चालत फाट्यापर्यंत मागं गेलो. चौकात गाडी थांबली, आतून सरांचा लांब हात बाहेर आला, त्यांनी ठामपणे रस्ता दाखवला आणि गाडी वळली. कल्याणच्या रस्त्याला. तिकडं माळशेज घाट लागतो, पुणं लागत नाही.

चहावाला दुकानाबाहेर येऊन बघत होता. "ताई, चुकलं की वो सर. हाक मारू का?"

"नको," मी म्हटलं.

"ओतूरपातुर गेलं की कुणालातरी इचारतील," मामा म्हणाले. "मग फेड करतील. मग विसरतील. परत हितंच येतील, दुसरा रस्ताच न्हाई."

आम्ही बाकांवर बसलो. मी माणसं मोजली आणि चहावाल्याला सांगितलं, "चहा टाक सगळ्यांना. आणि एक जास्त."

तो आत गेला. मग दारातून डोकं काढून म्हणाला, "आलं उकळी आल्यावर टाकू ना? सर येतील तवा त्यांनी बघितलं पायजे."